तोंडात हात घालायचा नाही

पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा मी सायखेड्याला सुट्टीवर होतो आणि शेजारच्या निवृत्तीकाकांच्या नुकत्याच व्यालेल्या म्हशीची अडकलेली वार काढत होतो. उजवा हात खांद्यापर्यंत आत. वडिलांनी गोठ्याच्या दारात उभं राहून माझ्या फोनवरचा मेसेज वाचून दाखवला. डोंगरातली पोस्ट, उंची अकरा हजार फूट, खेचरांची डिटॅचमेंट, सात दिवसांत हजर व्हायचं. निवृत्तीकाका म्हणाले, "फौजेत गेला तरी ढोरं काय सुटंनात तुला."

फौजेला जनावरांचे डॉक्टर लागतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मध्यंतरी नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजने मला बारावीच्या मुलांशी बोलायला बोलावलं. मी सांगितलं की साडेपाच वर्षं शिकल्यावर सरकारी दवाखाना आहे, डेअरी आहे, पोल्ट्री कंपन्या आहेत, लस तयार करणारे कारखाने आहेत, शहरात कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक टाकता येतं. फौजेत निवड झाली तर थेट कॅप्टन होता येतं. येवल्याची एक मुलगी उठली. वडील पैठणीच्या मागावर बसतात, असं तिने आधी सांगितलं होतं. तिने विचारलं, "सर, तुम्हाला तिकडे सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?"

मी म्हणालो, "थंडीची." सगळे हसले. घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटत होती, कारण ती मुलगी हसली नव्हती. खरं उत्तर इथे लिहितो.

पोस्टवर बत्तीस खेचरं होती. वरच्या चौक्यांना रस्ता नव्हता, त्यामुळे रॉकेल, पीठ, दारूगोळा सगळं त्यांच्याच पाठीवर जायचं. खेचर सांभाळणाऱ्या जवानाला फौजेत ड्रायव्हर म्हणतात. त्याच्या हातात स्टिअरिंगऐवजी लगाम असतो एवढंच. सकाळी साडेपाचला स्टेबल, मग खरारा, पाणी, दाण्याची चंदी. साडेसातला लोड बांधून कॉलम बाहेर. दुपारी तीनपर्यंत परत. मी रोज पाय, पाठ आणि खूर तपासायचो. मदतीला दफेदार बलवंत होता, हरियाणाचा, माझा ड्रेसर. मलमपट्टीत त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

मी गेल्यावर पहिल्याच महिन्यात एका जवानाने पोटदुखी झालेल्या खेचराला स्वतःच्या अकलेने बाटलीने तेल पाजलं. तेल फुफ्फुसात गेलं. तिसऱ्या दिवशी खेचर मेलं. मी संतापलो आणि त्याच संध्याकाळी स्टँडिंग ऑर्डर काढली. व्हेटरनरी ऑफिसरच्या हुकमाशिवाय कोणीही जनावराच्या तोंडात हात, बाटली किंवा नळी घालणार नाही. घातल्यास सुट्टी रद्द. ऑर्डर नोटीस बोर्डावर लागली. मला ती फार चांगली वाटली होती. मी ती दोनदा वाचली.

ड्रायव्हरांमध्ये एक माझ्याच जिल्ह्यातला होता. सिपाही सोपान, बागलाणचा, सटाण्याच्या पुढचं गाव. त्याच्या खेचरीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिचं नाव त्याने चंद्री ठेवलं होतं. रेकॉर्डला तिचा फक्त खुरावरचा नंबर. मी त्याला चिडवायचो, "सोपान, बायकोला फोन कमी आणि चंद्रीशी गप्पा जास्त." तो म्हणायचा, "साहेब, चंद्री उलट बोलत नही."

घरी त्याला मुलगी झाली होती. बाप आल्याशिवाय बारसं करायचं नाही म्हणून घरच्यांनी थांबवून ठेवलं होतं. त्याची सुट्टी पुढच्या आठवड्यात सुरू होणार होती. बॅग त्याने आताच भरली होती.

त्या सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो माझ्या तंबूपाशी आला.

"साहेब, चंद्री खात नाय. लाळ गाळून राहिली. घशात काही अडकलं आसंन."

मी गेलो. चंद्री मान ताणून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा. गिळायला जात होती आणि गिळता येत नव्हतं. गाजराचा तुकडा अडकला की असंच दिसतं. बलवंतने जीभ धरून बाजूला ओढली, एका नाईकने डोकं धरलं, मी हात आत घातला. हातमोजा नव्हता. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. उघड्या बोटांना जास्त कळतं, असं आम्ही एकमेकांना सांगतो. दाढेची कड लागून माझ्या दोन बोटांचं साल निघालं. घशात काहीच सापडलं नाही.

"साब, गला तो साफ है," बलवंत म्हणाला.

मी आयोडिन लावलं आणि चहा प्यायलो. तोपर्यंत मला काहीही शंका आली नव्हती.

मंगळवारी दुपारी दोन वाजता तिचा मागचा पाय लटपटायला लागला. अडीचला ती स्वतःचाच खांदा चावायला लागली. कातडी फाटली तरी थांबेना. मग लाकडी गव्हाणीला तिने असा दात घातला की तिचाच दात तुटून खाली पडला. मी आठ-दहा पावलांवर उभा होतो. कॉलेजमध्ये तिसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी सांगितलं होतं की घशात अडकल्यासारखं दिसेल, तुम्ही हात घालाल, आणि तिथेच फसाल. परीक्षेत हे मी लिहिलं होतं. मार्कही पडले होते.

रेबीज. गावाकडे ज्याला पिसाळणं म्हणतात ते.

मी सोपानला विचारलं, "हिला कधी कुत्रं चावलं होतं?"

"सव्वा महिना झाला साहेब. लाईनीत एक भटकं कुत्रं शिरलं होतं. नाकाला जरासं ओरखडलं. मला वाटलं, तारेचं आसंन."

जनावरांच्या डॉक्टरने ही लस आधीच टोचून घ्यायची असते. कॉलेजमध्ये तिचा कोर्स होता. दुसऱ्या डोसच्या दिवशी आमची क्रिकेटची मॅच होती, म्हणून माझा तो राहिला तो राहिलाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. या रोगाची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही. लक्षणांच्या आधी लस आणि जखमेत टोचायचं सीरम मिळालं तर वाचतो. मधे दुसरं काहीही नाही. हे मला पाठ होतं आणि माझ्या बोटांवर दोन ओरखडे होते.

दोन पंचावन्नला मी रेडिओवर खालच्या बटालियनच्या मेडिकल ऑफिसरला गाठलं.

"रेबीज सस्पेक्ट. खेचर. माणसं एक्स्पोज्ड. लस आहे, सीरम नाही. ओव्हर."

"किती माणसं? ओव्हर."

"मोजून सांगतो. ओव्हर."

"लस लगेच सुरू करा. सीरम चॉपरने येईल. वेदर बंद आहे. उद्या नाही, परवाही सांगता येत नाही. ओव्हर."

साडेतीनला मी चंद्रीला गोळी घातली. डोक्यात मारायची नव्हती, कारण तपासणीला मेंदू लागतो. छातीत दोन मारल्या. सोपानला मी कुकहाऊसकडे पाठवलं होतं, पण तो मधेच थांबून पाठमोरा उभा राहिला. दोन्ही आवाज झाल्यावर पुढे गेला.

चार वाजता फॉल-इन. सगळे ड्रायव्हर तीन रांगांत. मी समोर उभा राहिलो. मी घाबरलेलो होतो. घाबरलेला अधिकारी आवाज चढवतो, तसा मी चढवला.

"सोमवारपासून कोणी कोणी चंद्रीच्या तोंडात हात घातला? हुकमाशिवाय कोणी घातला? हात वर."

बलवंतचा हात वर झाला. डोकं धरणाऱ्या नाईकचा झाला. माझा मी धरला. बाकी रांगेत एकही हात वर नाही.

"सोपान?"

"नाय साहेब."

"नक्की?"

"नाय घातला साहेब."

तो नजर समोर ठेवून सावधान उभा होता. हातांत लोकरीचे मोजे. थंडी होती, सगळ्यांच्याच हातांत मोजे होते. मी म्हणालो, "ठीक."

जनावर बोलत नाही, म्हणून मी त्याच्या पापण्या उलटून बघतो, हिरड्या दाबून बघतो, शेपटी उचलून बघतो. सोपान बोलला, म्हणून मी त्याचे मोजे काढायला लावले नाहीत.

आम्हा तिघांना साडेचारला लसीचा पहिला डोस मिळाला. मग सीरमची वाट. ढग खाली उतरून बसले होते. मी रोज सकाळी मगमध्ये पाणी घ्यायचो आणि पहिला घोट घेण्याआधी थांबायचो. या रोगात घसा पाण्याला घाबरतो. इतक्या लवकर काही होत नसतं हे मला माहीत होतं, तरी मी मोजत होतो. घोट उतरला की पुढचं काम. एकदा ठसका लागला तर बलवंतचा चेहरा पांढरा पडला, आणि मी तिथेच खाली बसलो. सोपान तिथेच होता. त्याने माझ्या हातातला मग घेतला, पुन्हा भरून आणला.

"हळूहळू प्या साहेब."

त्याच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, हा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी वेदर उघडलं. चॉपर सात मिनिटं थांबलं. सीरमचा थर्मोकोलचा डबा खाली उतरला आणि सुट्टीवर जाणारे चार जण वर चढले. त्यांत सोपान होता. पंख्याच्या वाऱ्यात त्याने मला सॅल्यूट केला. मोजे घालून. डबा माझ्या हातात होता, म्हणून मी नुसती मान हलवली.

त्यानंतर तेविसाव्या दिवशी फोन आला. त्याचा थोरला भाऊ बोलत होता.

"साहेब, सोपानले बरं नही शे. पानी पेवाले घाबरस."

मी विचारलं, "हाताला कुठे जखम होती का?"

"अंगठाले व्हती. ती तं कव्हाच भरी गई."

मग सोपानने फोन मागून घेतला. आवाज अगदी नेहमीचा होता.

"साहेब, मी घातला होता हात. सोमवारी पहाटेच, तुमच्याकडे यायच्या आधी. मला वाटलं गाजर आसंन, निघून जाईन. तिनं दात लावला."

"मग फॉल-इनमध्ये का नाही सांगितलंस?"

"तुमची ऑर्डर होती साहेब. सुट्टी कटली आसती. बारसं राहिलं होतं."

"झालं का बारसं?"

"झालं साहेब. चंद्रकला ठेवलं."

मी फोन परत भावाकडे द्यायला सांगितला. मी भावाला सांगितलं की तासाभरात गाडी करा, नाशिकला न्या, आणि त्याची लाळ कोणाच्या जखमेला लागू देऊ नका, घरातल्या सगळ्यांना लस द्या. मला ठाऊक होतं की हे सोपानसाठी नाही, बाकीच्यांसाठी आहे. भाऊ मात्र "हां साहेब, हां साहेब" म्हणत होता. त्याला वाटत होतं मी इलाज सांगतोय.

मला इमर्जन्सी लीव्ह मिळाली. दोन दिवसांनी मी नाशिकला दवाखान्यात पोचलो. खोलीत अंधार करून ठेवला होता. त्याचे हात पलंगाला बांधले होते. मधेच झटका यायचा, मधेच शुद्ध यायची. शुद्ध आली तेव्हा त्याने मला ओळखलं. मला वाटलं होतं, तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमची इंजेक्शनं पुरी झाली ना?"

मी म्हणालो, "झाली."

"बलवंत साहेबांची?"

"त्यांचीही."

त्याने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला तो गेला. तेव्हा वर पोस्टवर स्टेबलची वेळ असते.

परत गेल्यावर मी बोर्डावरची ऑर्डर काढली आणि नवी लावली. तोंडात हात घातला असेल तर लगेच सांगा, शिक्षा होणार नाही. वाक्य एवढंच होतं. ते आधी सुचायला हवं होतं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात, पण समोरच्याला बोलता यावं अशी जागाच मी ठेवली नव्हती. साडेपाच वर्षं मी मुक्या जीवांचं दुखणं ओळखायला शिकलो. माणूस भीतीने मुका होतो तेव्हा त्याला कसं विचारायचं, हे मला येत नव्हतं.

पुढे मी फौज सोडली. आता माझा दवाखाना सायखेड्यात आहे. मागच्या महिन्यात लाळ गाळणारी गाय घेऊन एक घर आलं. नवरा, बायको, म्हातारा सासरा. मी गाईला हात लावला नाही. आधी म्हणालो, "कोणी हात घातला आसंन तर सांगा. मी कोणालाच रागावणार नाय." तिघांनीही माना हलवल्या. मग मी एकेकाचा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला. बायकोच्या करंगळीला ओरखडा होता. ती म्हणाली, "औषध पाजायला गेले होते. हे ओरडतील म्हणून बोलले नाय." मी तिला माझ्याच मोटरसायकलवर बसवून लसीला नेलं. नवरा मागून पळत येत होता.

युनिटच्या स्मारकावर सोपानचं नाव नाही. कागदावर तो सुट्टीत आजारी पडून वारला. म्हणून इथे लिहितो. सिपाही सोपान, ड्रायव्हर, ॲनिमल ट्रान्सपोर्ट, राहणार बागलाण. त्याची चंद्रकला आता चौथीत आहे. दिवाळीनंतर मी तिच्या घरी जातो. ती पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवते, आणि मी पहिला घोट घेईपर्यंत तिची आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत असते.