उचगावच्या कोऱ्या प्रश्नावल्या

आमच्या वर्गाचे स्नेहसंमेलन भरले की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: समाजकार्याच्या शेवटच्या वर्षी मी उचगावच्या फाउंड्री कामगारांच्या मुलाखती वसतिगृहात बसून रचल्या आणि अहवाल तपासणाऱ्या सरांनी दया येऊन मला उत्तीर्ण केले. सांगणाऱ्यांपैकी एकही जण तेव्हा उचगावात नव्हता. मी होतो.

आणीबाणीच्या त्या काळी छापील कागद घेतलेला तरुण दिसला की लोकांना तो नसबंदीसाठी माणसे न्यायला आलेला वाटे. मी प्रश्नावली काढून पहिल्याच कामगाराला मुले किती असे विचारले, आणि मागच्या दाराने अख्खा कारखाना रिकामा झाला. उरले ते वाळूचे साचे करणारे एक वयस्कर मुसलमान चाचा.

"माझं वय झालंय म्हणून मी थांबलोय, पावणं," ते म्हणाले. "ती कागदं पिशवीत घाला की. मग बसा, बोला."

कागद पिशवीत गेले. पुढे तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत मी त्या माणसांत बसलो आणि ऐकलेले सारे परतीच्या वाटेवर सायकल थांबवून लिहून काढले. भाजलेले हात, तुटलेली सोयरीक, मुलीची शाळा. प्रश्नावलीच्या कोणत्या रकान्यात हे मावले असते? मला रात्रभर झोप लागत नसे, इतका मी भारून गेलो होतो.

सरांनी मात्र कोऱ्या प्रश्नावल्या पाहून अहवाल बाजूला सारला. तो नाकारला गेला असता तर वर्ष बुडाले असते आणि कामगार कल्याण अधिकारी होण्याची आशाही. मी तेव्हा मान खाली घातली, असेही मित्र सांगतात. मुळीच नाही. मी सरळ म्हणालो, "सर, उद्या उचगावला चला. एक वाक्य खोटे निघाले तर मी विद्यापीठ सोडतो."

सर आले, पण काखेत जाडजूड फाइल घेऊन. ती दिसताच कारखाना पुन्हा रिकामा. चाचांनीच मागच्या दारातून हाळी दिली, "या रं माघारी. आपल्या पोराचा मास्तर हाय त्यो."

मग सर अहवालातला एकेक प्रसंग विचारत गेले आणि ज्याचा त्याने तो सांगितला, मी लिहिला होता त्याहून कितीतरी विस्ताराने. दोन तासांनी सरांनी साच्याच्या पेटीवर अहवाल ठेवला आणि शेवटच्या पानावर सही केली.

परतताना आम्ही दोघेही सायकलवर होतो; चढावर मी सरांना केव्हा मागे टाकले, हे माझ्या ध्यानात आले ते थेट विद्यापीठाच्या फाटकाशी.