पंख्याखालचे दोन कागद

इंदिराबाईंना मी किती ओळखत होतो? नऊ वर्षं आम्ही एका खोलीत बसलो, पण त्यांना भावंडं किती, हेसुद्धा मला त्या गेल्यावर कळलं. तेव्हा हे लिहिणं मला कितपत साधेल, शंकाच आहे.

निवृत्तीनंतर मी पुण्याहून मुलाकडे म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीला आलो. वेळ जाईना, म्हणून म्हैसूरच्या एका कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, तिथली जुनी लेबलं वहीत उतरवू लागलो. इंदिराबाई तिथे चाळीस वर्षं वाळकी रोपं जाड कागदांवर चिकटवत होत्या.

भर एप्रिलातही त्या पंखा लावू देत नसत. एकदा मी बटणाकडे हात नेला, तर ओरडल्या, "बेडा! नको! राव, हात काढा!" रोपं चुरतात म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

तिथला एक नियम आहे. रोपाचं नाव चुकलं असं ठरलं तरी जुनी चिठ्ठी काढत नाहीत. शेजारी नवी लावायची, खाली सही नि तारीख. कोण चुकलं ते कायम दिसत राहतं.

गेल्या वर्षी देवश्री ही तरुण संशोधक आली. वाळक्या पानाच्या कणातला डीएनए तपासून कुठली वनस्पती कुणाच्या जवळची, हे ती फांद्याफांद्यांच्या आकृतीत मांडायची. एक दिवस म्हणाली, "हुणसूरचं हे रोप भलत्याच फांदीवर जातंय. सरांनी कुळच चुकीचं लिहिलंय. उद्या नवी चिठ्ठी लावते." सर म्हणजे हा संग्रह उभारणारे प्राध्यापक. ते वारून बरीच वर्षं झाली.

इंदिराबाईंचा ब्रश डिंकातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. सरांच्या खुर्चीकडे बघत बोलल्या, "सरांनी दोन रोपं आणली होती. एक हुणसूरचं, एक नंजनगूडचं. फुलं नाहीत, पानं जुळ्यांसारखी. मी पंखा लावला नि चिठ्ठ्या उडाल्या. विचारायला भ्याले. अंदाजानं ठेवल्या."

"किती वर्षं झाली?"

"एकतीस. त्या कपाटापाशी गेले की सर मागून विचारतात, इंदिरा, ही चिठ्ठी इथलीच ना?"

देवश्री आल्यावर त्यांनी नंजनगूडचा कागद तिच्यापुढे सरकवला. "याचंही पान तपास. सर चुकले नाहीत, मी चुकले."

महिन्याभरात निकाल आला. अदलाबदलच झाली होती.

देवश्री म्हणाली, "मावशी, तुमचं नाव कशाला? नुसतं अदलाबदल लिहू."

"सही माझीच पाहिजे. नाहीतर लोक सरांनाच धरतील. कामावरून काढलं तर काढू देत, गुडघे तरी सुटतील!"

माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या. त्यांनी सही करून दोन्ही चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. पहाटे झोपेतच गेल्या होत्या. आता त्या कपाटापाशी मीही जरा थबकतो. मागे वळून पाहत नाही.

चिठ्ठ्या चिकटवल्या त्या संध्याकाळी फार उकडत होतं. निघताना मी विचारलं, "आता लावू का पंखा?"

त्यांनी वर पाहिलं. "डिंक वाळू दे, राव. उद्या लावा."

"बरं."

"अन् येताना रद्दी पेपर आणा. संपलेत."

"आणतो."