तळ्यातली संगमरवरी बाई

ठाण्यातल्या त्या तळ्याकाठून जायची वेळ आली, की आजही मी पलीकडून वळसा घेतो. घरचे हसतात. हसू देत.

काठावर एक बंगला होता. मुंबईच्या टाउन हॉलसारखे उंच पांढरे खांब, थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. मिठाच्या एका ठेकेदाराने तो हौसेने बांधला, त्याच्या मुलांनी भांडून विकला आणि स्वातंत्र्यानंतर एका कापडवाल्या शेठजींनी घेतला. बंगल्याबरोबर एका बाईचा विलायती पुतळा आला आणि माळीही आला. ज्यांच्या शेतावर बंगला उभा राहिला, त्यांच्यातलाच तो.

पुतळा चोरीला गेल्याची फिर्याद शेठजींनी दिली. त्याचा एक हात नुकताच मोडला होता, एवढीच खूण. मी नवा फौजदार, मिशीला रोज पीळ देणारा. खबऱ्या म्हणाला, माळ्याने चादरीत काहीतरी गुंडाळून हातगाडीवरून नेलं. झालं! हाताला दोरी बांधून मी त्याला भर बाजारातून चौकीत आणलं.

"सायेब, मी चोर नाय. पर मना इचारू नका, शपथ हाय."

"कोणाची?"

रविवारी मुलीच्या लग्नाची सुपारी फोडायला कळव्याची माणसं येणार आहेत, त्याआधी सोडा, एवढंच तो म्हणत राहिला. मी सोडलं नाही. बाजारातली बातमी कळव्याला पोचली आणि माणसं आलीच नाहीत.

सोमवारी जेवताना मी बायकोला म्हटलं, "हात मोडलेला पुतळा कोण कशाला चोरेल?"

"अहो फौजदार," ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "भंगलेली मूर्ती घरात ठेवतं का कोणी? तळ्यात बघा."

कोळ्यांनी बुड्या मारल्या. बाई वर आली ती लुगडं नेसून, कपाळाला हळदकुंकू लावून! शेठजींची म्हातारी आई पायरीवर रडत उभी होती.

"सून गरोदर. मोडकी देवी घरात कशी ठेवू? मीच याला शपथ घातली, मुलाला सांगू नको म्हणून. याला धरून नेलंय, हे मला कोणी सांगितलंच नाही रे!"

शेठजींनी मान खाली घातली. मी माळ्याला सोडलं, चौकीच्या मागच्या दाराने. बाजाराला माझी चूक दिसायला नको ना!

मग शब्द टाकायला कळव्याला गेलो, कडक इस्त्रीच्या वर्दीत. मुलाच्या बापाने गूळपाणी दिलं.

"बसा सायेब. सोयरीक जुलवाला पोलीस येतो, म्हंजे कायतरी असंलच ना?"

सोयरीक मोडली ती मोडलीच.

पुढे बाजारात माळी भेटला. रागावला नाही. "वर्दी घरी ठेवून जायचं व्हतं, सायेब," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून निर्दोष ठरलेल्या माणसाला, ज्या रस्त्याने आणलं त्याच रस्त्याने, बरोबर चालत मी घरी पोचवत आलो. माळ्याचं घर बंगल्यामागेच होतं. तिथवर चालायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही.