न्हाणीचा कोबा

माझ्या वडिलांना घर बांधायची हौस होती, घर पुरं करायची नव्हती. शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, आसनगाव स्टेशनापासून बैलगाडीने अख्खी सकाळ जाईल इतक्या अंतरावर, आमचं घर माझ्या लहानपणापासून बांधलं जात होतं आणि मी लग्न होऊन मुरबाडकडे गेले तरी ते बांधलंच जात होतं. भात झोडून कणगीत पडलं, की बाबांचे हात शिवशिवायला लागत. एका साली पुढचा कारवीचा कुड काढून तिथे विटांची भिंत आली. एका साली नळीची कौलं उतरवून मंगलोरी कौलं चढवली. तेव्हा रिपा जुन्याच अंदाजाने मारल्यामुळे नवी कौलं काही केल्या रिपांवर बसेनात. सगळ्या रिपा उचकटून पुन्हा माराव्या लागल्या. बाबा म्हणाले, "एवढं तेवढं चालायचंच." घरबांधणीत त्यांचं हे वाक्य थापीइतकंच हाताशी असे.

या सगळ्यात हात लागला नाही तो मागच्या न्हाणीला. तीन बाजूंना कारवीच्या काठ्या बांधून लिंपलेला कुड, वर जुनं गवत आणि खाली एक मोठा काळा दगड, अळवाच्या वाफ्याकडे उतरता. त्या दगडावर घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी होत. आई तो रोज राखेने आणि काथ्याने घासायची, तरी पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरायचंच.

मी सहा-सात वर्षांची असताना आई त्या दगडावरून घसरून पडली होती. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. तिला उचलून माजघरात नेलं, शेजारच्या बायका आल्या, मला दुसऱ्या घरी जेवायला धाडलं. मी परत आले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून निजली होती आणि घरात बाळ नव्हतं. बाबा दोन माणसांबरोबर नदीच्या अंगाला गेले आहेत, एवढंच मला कळलं. त्यावर पुढे कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही, कारण कोणी बोलत नसलं की मुलं विचारत नाहीत. आईला त्यानंतर मूल झालं नाही. ती त्याच दगडावर अंघोळ करत राहिली आणि तिने कधी म्हणून न्हाणी बांधून मागितली नाही.

मागितली ती माझ्यासाठी. पहिलटकरीण म्हणून मी बाळंतपणाला माहेरी येणार हे ठरलं, तेव्हा तिने बाबांना सांगितलं, "पोरगी यायच्या आत न्हाणी पक्की पायजे." बाबांना काय, आंधळा मागतो एक डोळा. त्यांनी लगेच जाहीर केलं की आता साधासुधा दगड नाही, सिमेंटचीच न्हाणी. सिमेंट तेव्हा परवान्याशिवाय मिळायचं नाही. बाबांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून कल्याणहून दोन गोण्या मिळवल्या, पण त्यात इतका वेळ गेला की गोण्यांच्या आधी मीच माहेरी पोहोचले, सातवा सरता सरता.

मग आईने मला त्या न्हाणीत पाऊलच टाकू दिलं नाही. परसात चार काठ्या रोवून, त्यांना जुनी लुगडी बांधून तिने माझ्यासाठी आडोसा केला आणि आत पाट ठेवला. वारा आला की लुगडं उडायचं आणि मी एका हाताने तांब्या, दुसऱ्या हाताने अब्रू सांभाळत बसायची. माझी जीभ तेव्हाही लांबच होती. मी म्हणायची, "आय, मी काय काचेची हाय? एवढी वर्षं त्याच दगडावर न्हायले ना?" ती नुसतं "गप गो" म्हणायची आणि गाठी आवळायची. मला तिचा रागच यायचा.

गोण्या आल्या त्या दिवशी बाबांनी त्या गाडीत घोंगडी पांघरून आणल्या होत्या. गाव बघायला जमलं. ज्याने त्याने चिमटीत घेऊन पाहिलं. करड्या रंगाचं, नाचणीच्या पिठासारखं. शेवटी गवंडीआजा आले.

गवंडीआजा हे आमच्या पंचक्रोशीतले चुन्याचे गवंडी. देवळाचा चौथरा त्यांचा, विहिरीचं तोंड त्यांचं, आमची विटांची भिंतही त्यांचीच. ओळंबा सोडला की डोळा मिटून एक क्षण थांबायचे आणि मगच भिंतीकडे बघायचे, अशी त्यांची रीत. त्यांनी सिमेंट हुंगलं, जिभेला लावलं, थुंकलं आणि म्हणाले, "चुनाच हाय. कारखान्यातला."

बाबा म्हणाले, "कल्याणला सांगितलंन का पाणी घालून कालवाचं नि लगेच लावाचं."

"शेरात सगळ्यांना घाईच असते," आजा म्हणाले. "चुना मुरल्याबिगर धरत नाय. आमी कळीचा चुना म्हयना म्हयना मुरत ठेवतो, तेव्हा तो लोण्यासारखा होतो. हा बारीक हाय, एका रातीत मुरंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आजांनी बांधलेलं काही पडलं आहे असं आम्ही कोणी पाहिलं नव्हतं, आणि कालवल्याबरोबर लावायचा चुना ही गोष्ट आम्हाला विरजण लावल्याबरोबर दही खाण्यासारखी वाटली. परसात खड्डा खणला. तळाला पळसाची पानं अंथरली. दोन्ही गोण्या त्यात रिकाम्या केल्या, चाळलेली नदीची रेती घातली, पाणी घातलं, आजांनी पायांनी छान तुडवून एकजीव केलं. वर ओलं गोणपाट झाकलं आणि कोंबड्यांनी पाय घालू नये म्हणून त्यावर काटे ठेवले.

सकाळी आजांनी गोणपाट उचललं आणि फावडं घातलं. ते खणकन वाजलं. त्यांनी दुसऱ्या बाजूने घातलं, तिथेही वाजलं. मग फावडं खाली ठेवून ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि हाताने चाचपत राहिले. शेवटी म्हणाले, "ह्याला मुराची सवय नाय." मला हसू येत होतं. बाबा म्हणायला लागले, "एवढं तेवढं..." आणि थांबले, कारण शेणाने भरलेले हात तसेच घेऊन आई गोठ्यातून आली होती.

तिने वाकून त्या गोळ्यावर तळवा ठेवला. "म्हंजे न्हाणी आता नाय होनार?" तिने विचारलं. दुसऱ्या गोण्या मिळेपर्यंत माझं बाळ रांगायला लागलं असतं, हे तिलाही कळत होतं. ती बाबांना म्हणाली, "त्या दगडावर मी हिला जाऊ देनार नाय. ओल्या बाळंतिणीला लुगड्याच्या आडोशाला तरी कशी बसवू?" आणि आत गेली. मी मागोमाग गेले तर ती चुलीपुढे बसून रडत होती, कोपराने डोळे पुशीत, कारण हातांना शेण होतं. आई रडताना मी त्याआधी पाहिली नव्हती. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. ही न्हाणी बाबांच्या हौशीतली नाही हे मला तेव्हा समजलं, आणि मी घाबरले. काही न सुचून मी तिचे हात धुवायला पाणी आणलं.

आजा चहा न घेता निघून गेले. दिवेलागणीच्या आधी परत आले ते पागोटं नीट बांधून, कुणाकडे लग्नाचं बोलणं करायला यावं तसे. ओटीवर न बसता ते सरळ मागच्या दारी आले आणि आईला म्हणाले, "बाय, माझ्या घराकडं चुना हाय. गेल्या दिवाळीपासून मुरतोय. माझ्या ओटीसाठी ठेवला होता."

"मग तुमची ओटी?"

"ती सारवू शेणानं. आमचे आजे-पणजे शेणावरच बसले."

आईने विचारलं, "हिच्या दिवसांच्या आत होल?"

"चोपाला बायका दे. मी करतो." आणि सिमेंटच्या गोळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याच्या नादी आमी परत नाय लागनार." तो गोळा कोणाच्याने हलला नाही. त्यावर माती ओढली.

दुसऱ्या दिवशी पहारी लावून न्हाणीतला काळा दगड उचलला आणि बांधाला नेऊन टाकला. कुड उतरवून विटांच्या बुटक्या भिंती आल्या. खाली दगडगोटे ठासले. विटांचे तुकडे आणि विटांची कुटलेली भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात घालून आजांच्या घाणीत दळून आणली. एक बैल गोल फिरायचा आणि दगडी चाक तो लाल लगदा रगडत जायचं. तो जमिनीवर पसरला. उतार बघायला आजांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि ते अळवाकडे कसं जातं ते उकिडवं बसून पाहिलं. मनासारखं जाईना तेव्हा पुन्हा पसरलं.

मग चोपणं. ओढ्यापलीकडच्या वाडीतली बरीचशी घरं त्या दिवसांत भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर गेलेली असत. ज्या बायका मागे राहिल्या होत्या, त्या आल्या. लाकडाची चपटी चोपणी हातात घेऊन त्या ओळीने उकिडव्या बसल्या आणि ठोकत ठोकत मागे सरकू लागल्या. आजा वरून गुळाचं आणि हिरड्याचं पाणी शिंपडत होते. आईने पदर खोचला आणि तीही एक चोपणी घेऊन ओळीत बसली. बायका हसल्या. एक म्हणाली, "काकी, तुमी कशाला? हात सुजतील." आई म्हणाली, "सुजू दे." त्यांनी मग तिला मधे जागा करून दिली. दिवसच्या दिवस घरात तो आवाज भरून होता. मी पडवीत भिंतीला टेकून तांदूळ निवडायची आणि माझ्या पोटातलं बाळ त्या ठोक्यांना लाथा मारायचं. मला ते फार आवडायचं. आईच्या तळहातांना फोड आले, त्यावर ती रात्री हळद-तेल लावायची आणि सकाळी पुन्हा बसायची.

चोपणी मारल्यावर वर पाणी येईना आणि आवाज कोरडा यायला लागला, तेव्हा आजांनी बायकांना उठवलं. गुळगुळीत गोट्याने कोबा घोटला, वर पेंढा पसरला, पेंढ्यावर पाणी मारलं आणि बजावलं की मी सांगेपर्यंत इथे माणसाचा पाय पडता कामा नये.

बाळाला आजांचा हुकूम कुठला कळायला. ते थोडं आधीच आलं, एका दुपारी, माजघरात, फारसा त्रास न देता. मुलगी झाली. माझं अंग बाजेवरच पुसून काढत. सुईण बाळाला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर बसून न्हाऊ घालायची. आई पाण्याचं भांडं हातात घेऊन शेजारी उभी राहायची आणि तिथून उठली की मागच्या दारी जायची. पेंढा उचलून कोब्यावर अंगठा दाबायची आणि पुन्हा पेंढा सारखा करायची. बाबा म्हणाले, "अगो, भाकरी हाय का ती, उलटून बघाला?" तरी ती जायचीच.

पाचवीच्या दिवशी सकाळी आजा आले. त्यांनी पेंढा काढला, कोबा बोटाच्या पेराने वाजवून पाहिला, स्वतः त्यावर उभे राहिले, टाच घासून पाहिली. लाल, जरासा चकाकणारा, पण पाय घट्ट धरणारा. "ठेवा पाय," ते म्हणाले, आणि बाळाला न बघताच पुढच्या दाराला जाऊन बसले.

सुईणीने कढत पाण्यात गार घालून ते इसाणलं, तेलाची वाटी घेतली, कासोटा सारखा केला. आई म्हणाली, "आज मी."

ती न्हाणीत भिंतीला पाठ लावून बसली आणि तिने पाय लांब केले. सुईणीने बाळ तिच्या नडग्यांवर पालथं ठेवलं. मी उंबऱ्याशी पाट घेऊन बसले होते. आईने तेल चोळलं, पाठीवरून कोमट पाणी सोडलं, मग बाळाला उताणं करून कपाळाशी हाताचा आडोसा धरून डोक्यावरून पाणी सोडलं. बाळ रडलं आणि पाण्याच्या उबेने गप्प झालं. आईने मधेच दंडाने कपाळावरचा घाम पुसला. मी म्हटलं, "आय, दमली असशील. दे सुईणीकडं."

तिने मान हलवली. दुसरा तांब्या भरून घेतला. माझ्याकडे न बघता, सुईणीकडेही न बघता, ती बाळाशी बोलावं तसं म्हणाली, "तिला न्हाऊ घातलं नव्हतं मी. माझ्या हातात दिलीच नाय, तशीच नेली."

सुईणीने तोंडाला पदर लावला. आईने पाणी सोडलं, हळूहळू, पहिल्यापेक्षाही हळू, पार तांब्या रिकामा होईपर्यंत.

मला बहीण होती, हे मला माझी मुलगी पाच दिवसांची झाल्यावर कळलं.