हतनूरच्या पाण्यावर दोन जावा

परदेशातल्या कुठल्याशा तळ्यात शिडाच्या होडीने या बंदरातून त्या बंदरात हिंडणाऱ्या एका जोडप्याचे व्हिडिओ मी वर्षभर बघत होते. आपल्या सावद्याजवळ हतनूर धरणाचं एवढं पाणी पसरलंय आणि आपण ते गाडीच्या खिडकीतून बघतो, हे यंदा फाल्गुनात मला फार बोचलं. घरी तेवढंच सांगितलं.

खरं कारण वेगळं होतं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आमचं घर वेगळं व्हायचं होतं. दोघा भावांनी ठरवलं होतं, मधल्या भिंतीसाठी अंगणात विटाही येऊन पडल्या होत्या. मला माझ्या थोरल्या जावेला, अक्कांना, एकटं गाठायचं होतं. नऊ माणसांच्या घरात ते पाण्यावरच शक्य होतं.

"पोहता येतं का दोघींना?" नवऱ्याने विचारलं. त्याला स्वतःला येत नाही, पण पाण्याबद्दल मत आहे.

होडी नानांची. नाना मूळचे शिंदखेड्याकडचे, इथे मासे धरतात, आणि वारा असला की बांबूला ताडपत्री बांधून शीड उभारतात. दिवसाचे पंधराशे घेतात. दहानंतर निघा, कारण पश्चिमेचा वारा तेव्हा उठतो आणि तो पाठीशी घेऊन चांगदेवपर्यंत जाता येतं. छत्री न्या. लाइफ जॅकेट तिथे मिळत नाही, आम्ही विकत नेली. अक्कांनी ते घातलं आणि वरून पदर घेतला.

"नाना, किती वेळ लागेल?"

"जठलोंग वारा शे, तठलोंग जाऊत," नाना म्हणाले. "मंग बसूत."

पहिलं बंदर म्हणजे धुणं धुणाऱ्या चार बाया, एक म्हैस आणि पाण्यात उभी करून धुतली जाणारी मोटारसायकल.

"कोणाकडे चाललात?" एकीने विचारलं.

"कोणाकडे नाही, फिरायला."

"या उन्हात?" ती म्हणाली आणि नानांकडे कीव येऊन बघत राहिली.

तिथेच कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी आणि ठेचा खाल्ला. केळी एकट्या नानांनी संपवली. सावद्याची माणसं केळी ट्रकात भरतात, तोंडात घालत नाहीत.

पुढे भर पाण्यात ताडपत्री लोंबली. "वारा बसना," म्हणजे वारा पडला, असं म्हणत नाना तोंडावर रुमाल टाकून आडवे झाले. मी पाठ करून आणलेलं भाषण काढलं.

"अक्का, भिंत नको म्हणून या दोघांना सांगा ना. तुमचं ऐकतील."

अक्का पाण्यात बोटं बुडवून बसल्या होत्या. "माझंच ऐकलंय त्यांनी. वेगळं व्हायचं मी सांगितलं."

"माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकायचंय? सासूबाई गेल्यापासून मीठ किती, विचार अक्काला. पाहुणे कुठे झोपतील, विचार अक्काला. दुपारी डोळा लागला की कोणीतरी दार वाजवतं. सुनीता, मला दोन माणसांच्या भाकरी करायच्यात आणि दुपारी झोपायचंय. एवढंच."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू रडली असतीस. मग मला जमलं नसतं."

मी रडलेच. होडीत उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, ही गैरसोय व्हिडिओत कोणी सांगत नाही. तासाभराने वारा उठला, तेव्हा दोघींनाही बरं वाटलं.

चांगदेवला दर्शन घेतलं, चहा प्यायलो. परतीला वारा समोरून, म्हणून नाना संध्याकाळची वाट बघत थांबले आणि आम्ही रिक्षा-बस करत घरी आलो. धूळ खात, पण वेळेवर.

भिंत झाली. पहिला आठवडा मी नऊ माणसांचा भात लावत होते. जायचं असेल तर जा, पाणी सुंदर आहे. कोणाचं मन वळवायला मात्र नेऊ नका.

परवा दुपारी वाटीभर भरीत घेऊन पलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. आत अक्का घोरत होत्या. वाटी खिडकीत झाकून ठेवली आणि चपला हातात घेऊन परत आले.