न विचारता भरलेला रकाना

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय — आणि रागात बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. राग कुणावर? सुरुवातीला डॉक्टरवर होता. मग मॅनेजरवर, मग या सगळ्या शिकल्यासवरल्या जगावर. फिरून फिरून तो जिथं यायचा तिथंच आला.

काल ऑफिसात वार्षिक तपासणीचे कोरे फॉर्म आले. मॅनेजर चारचौघांत म्हणाले, "हे काम प्रधानांनाच द्या, त्यांचे फॉर्म कसे स्वच्छ असतात." मी नुसता हसलो. दुसरं काय करणार?

कोलशेतला खाडीच्या अंगाला आमचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना आहे. मी तिथं कारकून. राहायला ठाण्यात, नौपाड्यात. दारूबंदी येऊन दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा मालकांच्या मनात आलं की वर्षातून एकदा मुंबईचा डॉक्टर बोलवावा आणि विडी-दारूवाल्यांची छाती, यकृत, सगळं तपासून घ्यावं. चांगलीच गोष्ट, नाही का? प्रत्येकाचा एक फॉर्म. नाव, वय, दुखणी, आणि शेवटी सवयींचा रकाना — विडी किती, तंबाखू किती, दारू किती. हा कागद पोलिसांकडे जाणार नाही, असं मॅनेजरांनी बजावून सांगितलं होतं. माणसाला समोर बसवून, विचारून भरायचा. ते काम माझं.

मी विचारलं नाही. एका रविवारी दुपारी, जेवून, पान तोंडात टाकून, घरीच बसलो आणि अडीचशे माणसांच्या सवयी लिहून काढल्या. दारूबंदीत कबूल कोण होणार आहे? विचारा, नाहीतर विचारू नका, उत्तर एकच — नाही. मग अडीचशे वेळा तेच खोटं कशाला ऐकायचं? असा माझा हिशेब. म्हणून मी आडनावं बघत गेलो. ऑफिसातली मंडळी — दारू नाही. नौपाड्यातला, गोखले रस्त्यावरचा — नाही. कोळीवाड्यातला, आगरी पाड्यातला — रोज. सरसकट. हात जरासुद्धा अडखळला नाही.

आणि माझा स्वतःचा फॉर्म? 'नाही.' विडी नाही, दारू नाही. मी सिगारेट ओढायचो, आणि शनिवारी घ्यायचोही. खाडीच्या झाडीत चोरून गाळलेली. ती मला कोण आणून द्यायचा, ते ऐका.

बाळाराम. कोलशेतचा कोळी, आमच्याकडे पत्रा कापायच्या मशीनवर. पस्तिशीचा, काळा, ठेंगणा, हसरा. बापाची नाव भावाकडे देऊन कारखान्यात आलेला. आमच्या घरात मासळी चालते, म्हणून शनिवारी तो टोपलीत चार बोंबील, दोन निवट्या टाकून आणायचा, आणि खाली फडक्यात गुंडाळलेली बाटली. मी एकदा त्याला म्हटलं, बस, घे घोटभर. तो कानाला हात लावून म्हणाला, "नाय भाऊ, आपल्याला सोसत नाय. बापाला बगितलाय मी." होळीलासुद्धा घ्यायचा नाही. त्याच्या आळीतली माणसं त्याला भटजी म्हणून चिडवायची. म्हणजे मला ठाऊक होतं. अडीचशेमध्ये ज्या एका माणसाचं मला पक्कं ठाऊक होतं, तो हा. त्याच्या नावापुढं मी 'रोज' लिहिलं. त्याचं आडनाव आलं आणि हात चालत राहिला, बस.

तपासणी जेवणघरात पडदा लावून चालली होती. मी डॉक्टरच्या शेजारी, कागद पुढं सरकवायला. बाळाराम आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. महिनाभर बारीक ताप, उजव्या बरगडीखाली दुखतंय, त्याआधी आव पडून गेलेली — हे सगळं तो सांगायला लागला. डॉक्टरनं पोट चाचपलं, तो कळवळला. डॉक्टरनं कागदाकडं पाहिलं आणि हात धुऊन घेतले. "दारू सोड. यकृत सुजलंय."

बाळाराम म्हणाला, "साहेब, मी घेत नाय. विडी ओढतो, दिवसाला दहा-बारा, ती खरी. दारू नाय."

डॉक्टर हसला. सगळे असंच म्हणतात म्हणाला. अहो, माणूस समोर उभा आहे, डोळ्यांत पाणी आणून सांगतोय, आणि तुम्ही कागद वाचता? माझं रक्त आजही उकळतं. पण कागद कुणाचा होता?

मग बाळारामनं माझ्याकडं पाहिलं. तक्रार नव्हती त्या बघण्यात. भाऊला माहीत आहे, भाऊ आता सांगेल, एवढंच. मी तोंड उघडलं असतं तर फॉर्म घरी बसून भरले हे बाहेर आलं असतं. आणि मला कसं ठाऊक, हेही. मी पुढचा कागद उचलला. आणि तो — तो एका वाक्यात माझं भांडं फोडू शकत होता. नाही बोलला. सदरा घालून निघून गेला. त्याच दिवशी डॉक्टरनं माझी छाती ठोकून पाहिली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, निर्व्यसनी माणसाचं असंच असतं.

तीन आठवड्यांनी बाळारामला खाटेवर घालून ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. मीही गेलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं सांगितलं — आवेतून यकृतात पू झाला होता, तो फुटला. महिन्यापूर्वी आणला असता तर सुया टोचून बरा झाला असता. हे त्यांनी फक्त मला सांगितलं, कारण जमलेल्यांत कोट घातलेला मी एकटाच होतो. बाहेर त्याचे लोक बसले होते. त्यांना मी काहीच सांगितलं नाही.

इथवर तुम्ही म्हणाल, चूक झाली, भ्याडपणा झाला. थांबा. अजून आहे.

बाराव्यानंतर त्याची बायको चांगुणा कारखान्यात आली, त्याचा डबा आणि कपडे न्यायला. तोवर कारखान्यात बोभाटा झालेला — बाळाराम छुपा पिणारा निघाला, डॉक्टरच्या कागदावर आहे. ते तिच्या कानावर गेलं होतं. ती माझ्या टेबलाशी उभी राहिली. रडत नव्हती.

"भाऊ, तुमी शिकलेले. तुमाला खरं ठाव असंल. तो पित होता काय? चौदा वर्सं संसार केला, मला कदी वास नाय आला."

मॅनेजरच्या खोलीचं दार उघडं होतं. ती बाई काही मागत नव्हती. न भांडण, न भरपाई. फक्त तिचा नवरा कसा होता, एवढंच विचारत होती. हो, त्या दवाखान्यातल्या डॉक्टरचे शब्द माझ्या कानात होते. हो, टोपलीही आठवत होती.

मी म्हणालो, "बाहेर घेत असेल, वहिनी. कागदावर तसंच आहे."

ती म्हणाली, "म्हंजी माज्याशी खोटं बोलला." डबा उचलला आणि गेली.

याला आता आठ वर्षं झाली. ती अजून कोलशेतलाच असते. बाजारात मासळी घेऊन बसते. तिच्या धाकट्या पोरानं परवा शेजाऱ्यांच्या घरी घोटभर घेतली, तेव्हा ती त्याला भर बाजारात सगळ्यांसमोर म्हणाली, बापावर गेलास. मी पलीकडच्या पाटीपाशी भाव विचारत उभा होतो. मी ऐकलं, आणि पिशवी घेऊन घरी आलो.