खवट मामा

मासे पाळायच्या तळ्यावर आम्ही दोघं कामाला. माझ्या मामाला तिथे सगळे 'खवट मामा' म्हणत, आणि त्याची जीभही नावाला जागायची. साहेबांनासुद्धा सोडायचा नाही. माशांच्या खाद्यात तेल असतं. ते खराब झालं की माशांचं लिव्हर बिघडतं. म्हणून मामा प्रत्येक पोत्यात नाक खुपसायचा आणि "खवट!" असं ओरडून ते बाजूला काढायला लावायचा.

मग खाद्यात हिरव्या चहाच्या पानांचा अर्क मिसळलेला यायला लागला. त्यामुळे तेल लवकर खराब होईना. मामी गेली, तीही त्याच सुमारास. मामा पोती हुंगायचा, पण ओरडायची वेळच येत नव्हती. "पाल्याने माझा धंदा बुडवला," म्हणायचा.

परवा माल कमी पडला म्हणून दुसरीकडून बिनअर्काची पोती आणली. पहिलं उघडताच मी नाक दाबून दारात पळाले. मामाने आत तोंड घातलं आणि म्हणाला, "झकास आहे. टाक तळ्यात."

मला थट्टाच वाटली. हसले मी. त्याने पुन्हा हुंगलं, मग माझ्या दाबलेल्या नाकाकडे पाहिलं. इतके दिवस सगळी पोती चांगलीच येत होती, त्यामुळे त्याचं नाक कधी मेलं ते त्यालाही कळलं नव्हतं.

तो तिथेच पोत्यावर बसला.

"तुझ्या मामीची शाल उशाशी घेऊन झोपायचो," तो म्हणाला. "तिचा वास उडाला असं वाटलं गं मला. मीच धुऊन टाकली."